नाडी नसलेला परकर

तिसऱ्या दिवशीही डाग तसाच होता.

मी परकर दगडावरनं उचलला, उलटा केला, उन्हाकडं धरला. जांभळा रंग, खाली बोटभर लेस. मागं, बसायच्या जागी, वीतभर तांबूस डाग. ओढ्यावर माझ्याशिवाय कुणी नव्हतं, म्हणून नाकाजवळ नेला, अन् लगेच खाली टाकला.

मी अनसा, परटीण हाय. शाळेत दोन वर्षं गेले, त्यातलं एक अक्षर आता आठवत न्हाई, पण डाग दाखवा, कशाचा ते सांगते. केळीच्या चिकाचा, गाडीच्या वंगणाचा, पोराच्या औषधाचा. हळदीचा तर विचारूच नका. आमचं गाव हळदीचं. शिमग्याच्या आधीपासनं घरोघरी हळद शिजती, खळ्यावर वाळती, अन् तेवढे दोन-अडीच महिने माझ्याकडं येणारं सगळं धुणं पिवळं. ह्या हळदीची एक खोड हाय. सोड्याच्या पाण्यात कापड घातलं की ती लाल होती. मी नवी नवरी होते तवा पहिल्यांदा बघून किंचाळले होते, वाटलं कुणाचं तरी रक्तच निघालं. सासू पोट धरधरून हसली. मग तिनं ते कापड उन्हात टाकायला लावलं. दुसऱ्या दिवशी कापड पांढरं फेक. उन्हापुढं हळदीचं काही चालत न्हाई.

ह्या डागापुढं मात्र उन्हाचं चालत नव्हतं. महिन्याभरात तो परकर चार वेळा आला. पहिल्या दोन खेपांना मीही हळदच समजले, न निघताच घडी घालून दिला. चौथ्या खेपेला तीन दिवस उन्हात ठेवला.

कुणाचा, हे शोधायला लागलं न्हाई. घरोघरची कापडं मिसळू नयेत म्हणून आम्ही कोपऱ्यात बिब्ब्याच्या रसानं खूण करतो. ह्याच्यावर तीन ठिपके, म्हणजे माळ्यांचं घर. त्या घरात बाया दोन, बनाक्का अन् तिची सून शैला. बनाक्का नऊवारी नेसायची, कासोटा घालून. कासोट्याच्या लुगड्याला परकर लागत न्हाई. मग परकर शैलाचाच की. ह्यात विचार करण्यासारखं काय होतं? म्हणून मी केला न्हाई.

परकराला नाडी नव्हती. तेही बघितलं होतं मी. वाटलं, काढून दुसऱ्या परकराला घातली असंल.

आता, आमच्या धंद्याचा एक नियम हाय. लग्नानंतर सासूनं मला ओढ्यावर बसवून सांगितलं होतं, की लोक आपल्याला नुसतं धुणं देत न्हाईत, घरातलं सगळं देतात. बघायचं अन् पाण्यात सोडून द्यायचं. एका शब्दानं बोललीस तर ह्या गावात चिंधी मिळणार न्हाई धुवायला. वीस वर्षं मी ते पाळलं. गावातला एक मोठा माणूस अंथरुणात मुतायचा. दर आठवड्याला त्याची चादर मी धुवायची, अन् ग्रामपंचायतीपुढं तो मिशीवर ताव देऊन बोलायला लागला की खाली मान घालून ऐकायची. असं पाळलं.

पण हे वेगळं होतं. बनाक्का अन् मी एकाच माहेरच्या. लहानपणी एकाच विहिरीवर पोहायला शिकलो. ती दहाएक वर्षांनी मोठी, म्हणून आक्का. अन् शैला गुणाची पोर. पदरात एक मुलगी, तिच्या पाठीवर दोनदा दिवस गेले अन् दोन्ही वेळा गर्भ पडला. गल्लीत कुजबूज सुरू झालेली. त्यात हे असलं कानावर गेलं असतं तर लोकांनी तिला नासकी ठरवून माहेरी घालवायचा सल्ला दिला असता. अन् न सांगावं तर तो वास. असला वास मी एकदाच घेतला होता, माझ्या चुलत सासूच्या अंथरुणाला. ती वाचली नव्हती.

म्हणून मी नियम मोडला. पण अर्धाच. शैलाला न सांगता तिच्या सासूला सांगितलं.

बनाक्का खळ्यावर होती. कढईतनं काढलेली हळद खोऱ्यानं पसरत होती, गुडघ्यापर्यंत पिवळी. मी गठुडं ठेवलं, इकडचं तिकडचं बोलले, मग म्हटलं, "आक्का, तुझ्या सुनेला बरं न्हाई."

"काय धाड भरलीय तिला? सकाळी माझ्यापेक्षा एक भाकरी जास्त खाल्ली."

मी जवळ सरकले अन् सांगून टाकलं. परकरात डाग पडतोय, अंगावरनं जातंय, लाल पाण्यासारखं, वास मारतोय, चार वेळा झालं.

तिचं खोरं थांबलं.

"कुणाच्या परकरात म्हणालीस?"

"शैलाच्या. त्या जांभळ्या."

ती माझ्याकडं बघत राहिली. मग परत हळद पसरायला लागली अन् म्हणाली, उन्हाळा सुरू झाला, उष्णता असंल, जिऱ्याचं पाणी देते. मी म्हटलं, उष्णतेला असला वास येत न्हाई. ती म्हणाली, बायकांना होतं, आपोआप जातं. मी म्हटलं, महिपतीला सांगू का मग? महिपती तिचा पोरगा. त्याबरोबर ती खोरं टाकून माझ्यापुढं आली.

"त्याला सांगशील तर माझं मेलेलं तोंड बघशील."

"मग ने तिला तालुक्याला. बाई डॉक्टर हाय तिथं."

ती पायाच्या अंगठ्यानं हळकुंडं इकडची तिकडं करत उभी राहिली. शेवटी म्हणाली, "तू पण चल. मला तिच्यापुढं बोलता येणार न्हाई."

"तुला कशाला बोलायचंय? सून बोलंल की."

"तरी चल," ती म्हणाली.

शैलाला मी आडवाटेनं विचारलं, तर ती लगेच रडायला लागली. महिनाभर खाज सुटत होती तिला, लघवीला गेलं की आग, अन् लाजेपायी कुणाला बोलली नव्हती. मी बनाक्काकडं बघितलं, म्हणजे बघ, बरोबर निघालं की न्हाई माझं. बनाक्कानं सुनेच्या डोक्यावरनं हात फिरवला.

सोमवारी बाजाराच्या निमित्तानं तिघी एस.टी.नं गेलो. डॉक्टरीणबाई किडकिडीत, चष्मा डोक्यावर चढवलेला, बोलायला फटकळ. शैला पुटपुटायला लागली तर म्हणाल्या, "मोठ्यानं सांग. इथं सगळ्या बायकाच हायत, कुणाला शिंगं न्हाईत." मग शैलानं सांगितलं. पांढरं जातंय, दह्यासारखं घट्ट, अन् खाज. बाईंनी तिला पडद्यामागं नेऊन तपासलं. बाहेर येऊन हात धुतले, म्हणाल्या, बुरशी झालीय, आत ठेवायच्या गोळ्या देते, आठ-दहा दिवसांत आराम पडंल, न पडला तर परत यायचं.

मग त्यांनी आम्हा तिघींनाच समोर बसवून घेतलं. त्यांचा स्वभावच तसा. म्हणाल्या, थोडं पांढरं पाणी जाणं हा काही रोग न्हाई, ते बाईच्या अंगाचं रोजचं काम हाय, महिन्यातल्या काही दिवसांत जास्त जातं, त्याला घाबरून बसू नका अन् साबण घेऊन आत धूत बसू नका. पण रंग बदलला, पिवळं-हिरवं झालं, वास मारायला लागलं, खाज, आग, ओटीपोटात दुखणं, ताप, ह्यातलं काही आलं की जिऱ्याचं पाणी पीत घरी बसायचं न्हाई. सरळ इथं यायचं. शैलाच्या डोळ्यांतलं पाणी थांबलं होतं. एवढंच होय, असं तोंड झालं होतं तिचं.

माझं मात्र समाधान होईना. दह्यासारखं पांढरं, अन् मी बघितलेला डाग, ह्यांचा काही मेळ बसत नव्हता. मी म्हटलं, "पण बाई, मी बघितला तो डाग तांबूस होता. अन् वास होता त्याला."

बाईंचा पेन थांबला. त्यांनी शैलाला विचारलं, मधेच रक्त जातं का, नवऱ्याजवळ गेल्यावर जातं का. शैलानं दोन्हीला न्हाई म्हणून मान हलवली. मला वाटलं, सासूपुढं लाजतीय.

तेवढ्यात कोपऱ्यातनं बनाक्का बोलली, "हळद असंल, बाई. सीझन हाय. आमच्या घरात सगळंच पिवळं."

बाईंनी माझ्याकडं बघितलं. म्हणजे, तू सांग.

मला एवढंच सांगायचं होतं, की तीन दिवस उन्हात होता, हळद राहिली नसती. त्या खोलीत हे माहीत असलेली मी एकटी होते. डॉक्टरीणबाईंनाही ते माहीत नव्हतं. अन् बनाक्का माझ्याकडं बघत होती. मी ते बघणं असं घेतलं, की सुनेचं झाकतीय, तूही झाक.

"असंल," मी म्हटलं.

बाईंनी चिठ्ठी लिहिली. आम्ही उठलो. शैला पुढं गेली, मी तिच्यामागं. बनाक्का दारात थांबली, चौकटीला हात लावून. "बाई," ती म्हणाली, "एक विचारू? पाळी गेलेल्या बाईला असं जात असलं तर?"

"पाळी जाऊन वर्ष उलटलं अन् मग नुसता डाग जरी दिसला, लाल पाणी गेलं, तर दिवस मोजायचे न्हाईत. दुखत नसलं तरी यायचं. बऱ्याचदा साधंच काही असतं, पण ते मी बघून ठरवायचं, घरी बसून तुम्ही न्हाई." बाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "कुणाला होतंय?"

आता इथं मी काय केलं, ते ऐका.

मी हसले. म्हटलं, "आमच्या आक्काला साऱ्या गल्लीची काळजी. बाई, असं करा, हिला इथं खुर्चीवर बसवा अन् तुम्ही आमच्याकडं हळद शिजवायला या."

शैला हसली. बाहेर बाकावर बसलेल्या दोघी हसल्या. डॉक्टरीणबाईंनाही हसू आलं. अन् बनाक्काही हसली, पदर तोंडाला लावून. "शेजारीण हाय एक," ती म्हणाली.

"तिला घेऊन या. उद्याच."

"आणते की."

येताना एस.टी.त ती खिडकीला बसली अन् सगळ्या वाटेत माझं मनगट धरून ठेवलं. मला वाटलं, उपकार मानतीय.

त्यानंतर तो परकर कधी आला न्हाई. शैला पंधरा दिवसांत टवटवीत झाली. मी मनात फुगून गेले होते. ओढ्यावर दगडाशी बोलायचे मी कधीकधी, त्याला सांगितलं, बघ रे, अडाणी अनसानं एक बाई वाचवली. शेजारणीचं मी एकदाच विचारलं. बनाक्का म्हणाली, "दाखवून आली ती. बरी हाय." मी पुढं विचारलं न्हाई, कोण शेजारीण.

पावसाळ्यात बनाक्काची कंबर धरायला लागली. लोक म्हणाले, एवढी वर्षं हळदीची पोती उचलल्यावर धरणारच. दसऱ्याला बघितलं तर चोळीच्या बाह्या दंडावर लोंबायला लागलेल्या. दिवाळीपासनं ती मागच्या खोलीत झोपायला लागली, अन् त्या खोलीत सकाळ-संध्याकाळ ऊद जाळायची. देवाला लागली म्हातारपणी, असं आम्ही म्हणायचो. मीसुद्धा म्हणायची. नाक असून.

संक्रांतीच्या आधी चुलीपुढं उठता उठता पडली अन् लुगडं भिजलं. महिपतीनं मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथं आठ दिवस ठेवलं, काय काय तपासलं, अन् सांगितलं की पिशवीच्या तोंडाला गाठ होती, आता पोटभर पसरलीय. वर्षभर आधी आणली असती तर काहीतरी करता आलं असतं. वेदना कमी व्हायच्या गोळ्या देऊन घरी पाठवली.

मी भेटायला गेले तवा दुपार होती. शैला परसात चिंध्या जाळायला घेऊन चालली होती. गठुड्यावर सगळ्यात वर तो जांभळा परकर.

मी म्हटलं, "अगं, हा तुझा परकर कशाला जाळतीस?"

"माझा कुठला, मावशी? लग्नातला हाय. आखूड झाला म्हणून तीन वर्षांमागंच टाकून दिलेला. आत्या चिंध्यांना म्हणून घेऊन गेल्या. नाडीसुद्धा मी काढून घेतलेली."

ती परसात गेली. मी सोप्यात तशीच उभी. नाडीशिवाय परकर कमरेला राहत न्हाई. हे कळायला परटीण असायला लागत न्हाई, कुठल्याही बाईला कळंल. तो परकर कुणी नेसतच नव्हतं. घड्या घालून कासोट्याच्या आत घेत होती ती, लुगड्यावर डाग येऊ नये म्हणून.

आत गेले. बनाक्का कुशीवर पडली होती. एवढीशी झाली होती. मी काही बोलायच्या आधीच म्हणाली, "कळलं व्हय तुला?"

मी खाली बसले. तिनं हात पुढं केला, मी धरला.

"बाकीच्या चिंध्या मीच धुवायची," ती म्हणाली. "तो एकच तुझ्या गठुड्यात घातला. चार वेळा. म्हटलं, अनसा ओळखंल. माझ्या तोंडातनं निघंना. तुझ्या तोंडनं निघंल."

"ओळखलं की ग आक्का."

"ओळखलंस. नाव तेवढं चुकलं."

बाहेर परसात काहीतरी पेटल्याचा वास यायला लागला. मी विचारलं, मग मला खळ्यावर का न्हाई सांगितलंस? ती म्हणाली, तू सुनेचं नाव घेतलंस अन् मला सुटल्यासारखं झालं. वाटलं, तिला पुढं करून डॉक्टरीण काय म्हणती ते ऐकू. विधवा बाई, सून नांदती घरात, अन् हे असलं दुखणं मला कसं सांगायचं? लोक काय काय जोडतील.

"अन् दवाखान्यात?"

"तिथं बोलणार होते. दारात थांबले ती त्यासाठीच. तोंड उघडलं होतं बघ." तिला श्वास लागला होता. "मग तू हसलीस."

मी मान वर केली न्हाई.

"सगळ्याच हसल्या. मला इतकं बरं वाटलं, अनसे. वाटलं, एवढं हसण्यासारखं हाय, म्हणजे काही नसंलच."

रागानं न्हाई म्हणाली. रागानं म्हणाली असती तर बरं झालं असतं. माझा हात थोपटत म्हणाली, तान्ह्या पोराला झोपवावं तशी.

त्यानंतर नवव्या दिवशी गेली. सुतकाची कापडं माझ्याकडंच आली, रीतच हाय ती. त्यात तिची चार लुगडी. सोड्यात घातली तर ओढ्याचं पाणी लाल झालं. हळदीनं. दुसऱ्या दिवशी ऊन पडलं अन् सगळी कापडं स्वच्छ.

ह्याला सव्वीस वर्षं झाली. आता घरोघरी मशिनं हायत, ओढ्याला पाणी न्हाई, माझे गुडघे गेले. तरी जड धुणं अजून येतं, गोधड्या, चादरी, हळदीत मळलेलं. दारापुढच्या टाक्यावर धुते, पत्र्यावर वाळत घालते. अन् मी पहिल्यासारखी गप्प बसत न्हाई. डाग बरा दिसला न्हाई की कापड न धुताच त्या घरी घेऊन जाते. विचारते, हे कुणी वापरलंय? कुणाचं हाय, असं न्हाई विचारत. तीन-चार घरांनी धुणं बंद केलं माझं. केलं तर केलं.

ह्या शिमग्याला माळ्यांच्या घरनं चादरी आल्या. त्यातल्या एकीच्या मधोमध फिकट गुलाबी डाग होता, रुपयाएवढा. सोड्याचा हात लागायच्या आधीच गुलाबी. मी ती चादर पत्र्यावर टाकली. पहिला दिवस. दुसरा दिवस. दोन्ही रात्री डोळा लागला न्हाई. तिसऱ्या दिवशी दुपारी ती घडी करून काखेत घेतली, काठी घेतली, अन् गेले.

खळ्यावर कढई चढलेली. वाफ सगळ्या अंगणभर. शैला गाऊनवर टॉवेल टाकून उभी, गुडघ्यापर्यंत पिवळी. आता नातवंडाची आजी हाय ती.

"हिच्यावर कोण झोपतं?" मी विचारलं.

"मी. का ओ?"

मी चादर उघडून दाखवली. तिनं बघितली, इकडं तिकडं नजर टाकली, पटकन माझ्या हातातनं घेऊन घडी घातली.

"हळद असंल, मावशी," ती म्हणाली.

तोच आवाज. सासूशी रक्ताचं नातं न्हाई, पण तोच. मी उंबऱ्यावर बसले, बरोबर मधोमध, म्हणजे तिला आत जाता येऊ नये.

"तीन दिवस उन्हात होती," मी म्हटलं. "हळद न्हाई."

वाफेमुळं तिचा चष्मा पांढरा झाला होता, डोळे दिसत नव्हते.

"पाळी जाऊन तीन वर्षं झाली माझी," ती हळू आवाजात म्हणाली. "आता काय असणार?"

"तेच तिथं जाऊन सांगायचं. असंच्या असं. साडी नेस."

"आज? कढई चढलीय."

"कढई महिपती बघंल. मी हितनं उठत न्हाई."

तिनं कढईकडं एकदा बघितलं. मग टॉवेल काढून दोरीवर टाकला, हात धुतले, अन् माझ्या बाजूनं पाय उचलून आत गेली. आतनं कपाट उघडल्याचा आवाज आला. थोड्या वेळानं पदर खोचत बाहेर आली अन् मला उठवायला हात दिला.

"मावशी," ती म्हणाली, "डॉक्टरपुढं हसू नका हं. तुमची सवय हाय."

"न्हाई हसत," मी म्हटलं, अन् तिचं मनगट धरलं.